छपराच्या वर न जाणारी प्रार्थना

प्रिय आई,

तुझ्या तियाल पारचा सप्रेम सलाम. मी मजेत आहे. खोकला गेल्यातच जमा आहे. या डोंगरावर सकाळी ढग वर्गात येऊन बसतात, त्यामुळे मुलं दिसत नाहीत, नुसते त्यांचे आवाज हजेरी देतात.

दरड कोसळल्यामुळे आमच्या चर्चचे पाळक पलीकडच्या गावात अडकलेत. इकडे थांग मांग आजोबांनी अंथरूण धरलं. त्यांची सून मला बोलवायला आली, "बाई, तुम्हीच प्रार्थना करा." मी तिच्याबरोबर गेले. गेलं वर्षभर माझ्या प्रार्थनेत नुसते शब्दच आहेत. आजोबांना खरं ते सांगून टाकलं, "माझी प्रार्थना छपराच्या वर जात नाही."

ते हसले. "आमचं छप्पर गळकंच आहे, पोरी. इथून जाईल."

तरी तोंड उघडेना. म्हणून पेज टाकायला चुलीपाशी गेले. तांदूळ काढले आणि हातानं आपसूक पहिली मूठ चर्चला द्यायच्या तांदळाच्या मडक्यात टाकली, तू रोज टाकतेस तशी. मग शब्द आले. फार नव्हते. आजोबा 'आमेन' म्हणाले आणि झोपले.

ते उठतील का, माहीत नाही. पाळक येईपर्यंत मी रोज जाणार आहे.

बाबांचा गुडघा कसा आहे?

एक विचारू? ती मूठ काढताना देव ऐकतोय याची तुला रोज खात्री असते का गं? नसेल तर तसं कळव. मला फार बरं वाटेल.

तुझीच,
तियाल पार