सात मिनिटं पुढे

३ मार्च, मंगळवार
सर्व्हरची घड्याळं तिसऱ्यांदा तपासली. अकराच्या अकरा बरोबर! मग खोटं कोण बोलतंय? नणंद?

ती आमच्याच हॉस्पिटलात नर्स. गेल्या मंगळवारी एका आजोबांना तिने रक्त पातळ करायचं इंजेक्शन दिलं. नोंदी सांगतात — डॉक्टरांनी 'बंद करा' लिहिलं १०:०४ ला, हिने दिलं १०:०७ ला. ती म्हणते, "मी दिलं तेव्हा स्क्रीनवर 'बंद' नव्हतंच!" संध्याकाळी आजोबा गेले. ती निलंबित होऊन घरी बसलीय. आणि नोंदी खऱ्या की खोट्या हे शोधायचं काम कोणाकडे? सर्व्हर सांभाळते म्हणून माझ्याकडे! दुसरं कोणी मिळालंच नाही.

५ मार्च
काही नाही. दारातच तिने विचारलं, "सापडलं का काही, वहिनी?" नाही म्हटलं. आत गेली.

९ मार्च, सोमवार
सापडलं! आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

आमचे सर्व्हर म्हणजे काही वेगवेगळी यंत्रं नव्हेत. तीन मोठ्या यंत्रांच्या पोटात सगळे राहतात. एकावर भार वाढला की न थांबता दुसऱ्याच्या पोटात जातात. आज औषधांच्या नोंदींचा सर्व्हर तिसऱ्या यंत्रावर गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे उडालं! वीस मिनिटांत आपोआप परत जागेवर. म्हणून तर कधी पाहावं तेव्हा साळसूद.

त्याला वेळ दोघांकडून मिळते — नेटवर्कवरच्या घड्याळाकडून, आणि ज्या यंत्रात राहतो त्याच्याकडूनही. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसलं. दोन्हींतलं एक बंद ठेवायचं असतं. डॉक्टरांच्या सूचना दुसऱ्या सर्व्हरवर. तो हलला नव्हता, म्हणून त्याची वेळ बरोबर.

जुन्या नोंदी उपसल्या. त्या मंगळवारी औषधांचा सर्व्हर ९:५८ ला तिसऱ्यावर गेला होता. म्हणजे तिने इंजेक्शन दिलं बरोबर दहाला. 'बंद' त्यानंतर चार मिनिटांनी आलं. पोरीची काही चूक नाही!

तिसरं यंत्र जानेवारीत दुरुस्तीहून आलं. परत बसवलं कोणी? मी. त्याचं घड्याळ न बघता चालू कोणी केलं? मीच, आणखी कोण.

१० मार्च
साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. "दोन महिन्यांच्या सगळ्या नोंदी संशयात येतील. पहिलं नाव तुझं, दुसरं माझं. घड्याळ नीट कर आणि तोंड बंद ठेव."

घड्याळ नीट केलं. दोन मिनिटांचं काम.

१२ मार्च
इकडे आड, तिकडे विहीर. नवऱ्याचं काम सुटून आठ महिने झाले. तिचा पगार बंद. माझी नोकरी गेली तर चार माणसांनी खायचं काय? आणि बोलले नाही तर तिचा परवाना जातो — जन्मभरासाठी.

सकाळी चहा गाळताना ती म्हणाली, "वहिनी, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल? मीच नीट पाहिलं नसेल."

"बघू," म्हणाले मी. बघू! जीभ झडली का नाही माझी?

१४ मार्च
नवरा म्हणतो, "ती एकटीच पुटपुटत असते. त्या सकाळचं पुन्हा पुन्हा बोलते, आणि दर वेळी थोडं वेगळं. तू तिथलीच ना? कर की काहीतरी."

त्याला काही माहीत नाही. सासूबाई ऐकत होत्या. मी कपड्यांच्या घड्या घालत राहिले.

१६ मार्च, सोमवार
गेले एकदाची चौकशी समितीपुढे. सगळा कागद छापून नेला होता. सर्व्हर कोणत्या यंत्रावर कधी गेला, घड्याळ किती पुढे उडालं, चूक कोणाची — खाली माझी सही. साहेब मान वर करेनात. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आता तुझं तू निस्तर."

निस्तरीन! नऊ तारखेपासून आज पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. तिचं निलंबन उद्या उठवणार आहेत. कधी एकदा घरी जाते आणि तिला सांगते असं झालंय.

१७ मार्च
काल तोच कागद तिच्या हातात दिला. रडले, माफी मागितली, सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत वाचला आणि माझ्या हातात परत ठेवला.

"माझ्यासाठी एवढं खोटं लिहू नका, वहिनी. मला आता स्पष्ट आठवतंय. 'बंद' वाचलं होतं मी. तरी दिलं."