घुशीचं बीळ

रविवार, १० जानेवारी १९३७. सायंकाळी पावणेपाच.

बरोबर या वेळी, छावणीच्या मैदानावर, चार माणसांदेखत हट्टा गावच्या उकंडराव पाटलांनी मला खोटं पाडलं! "बाई, जन्मभर पोरींच्या शाळा तपासल्या, अन् एक खड्डा तपासता येईना व्हय?" सगळे हसले. हसणाऱ्यांत एकालाही गोल्फची काठी धड धरता येत नाही.

जिमखान्याच्या कपचा शेवटचा होल, उकंडरावांशी डाव बरोबरीत. माझा चेंडू एका भोकात जाऊन बसला. नियम स्वच्छ आहे. बीळ करणाऱ्या जनावरानं भोक उकरलं असेल तर चेंडू उचलायचा, होलकडे तोंड करून ताठ उभं राहायचं आणि खांद्यावरून मागे सोडायचा. दंड नाही. माणसानं खणलेल्या खड्ड्याला मात्र ही सवलत नाही — आहे तिथून मारा, नाहीतर दंड सोसा. मी म्हटलं, घुशीचं बीळ आहे. उचलला, सोडला, जिंकले.

उकंडराव कमरेवर हात ठेवून म्हणाले, "घूस लई शिकलेली दिसते. कडा बघा कशा सरळ काढल्या!"

पाटीलकी हट्ट्यात दाखवावी!

सोमवार, ११.

उकंडरावांना चिठ्ठी धाडली. लेखी माफी, शनिवारपर्यंत.

बुधवार, १३.

जिमखान्याचे सेक्रेटरी किसनराव चहाला आले. खुशीत होते. "बाईसाहेब, तुमी बीळ दाखवलं ते बरं झालं. घुशी साऱ्या मैदानाची चाळण करतील. पिठाच्या गोळ्यांत विष घालून ठेवायला सांगितलंय. मी तर म्हणत होतो, मेंढरंवाल्यांनीच खणलं असंल. तसं असतं तर त्यांची चराई बंदच केली असती."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी त्यांना आणखी साखर हवी का विचारलं.

कडा सरळ होत्या. पाहिल्या मी. वाकले तेव्हाच पाहिल्या. ओल्या मातीवर खुरप्याच्या पात्याचे चरे होते, शेजारी मातीचा नीट ढीग. घूस ढीग नीट रचते का! कॉन्व्हेंटात मदर म्हणायच्या, डोळ्यांनी पाहिलेलं तोंडाने नाकारू नये. मुलींना हेच वाक्य मी किती वर्षं ऐकवलं. पण उकंडराव समोर उभे होते ना, मिशीत हसत!

गुरुवार, १४.

संक्रांत. जो तो म्हणतो, तिळगूळ घ्या, गोड बोला. खरं बोला असं कुणी म्हणत नाही. माझ्या सोयीचंच!

शुक्रवार, १५.

लिंबाजीचं कुत्रं मेलं.

साखरा गावचे हे मेंढपाळ दर थंडीत मैदानाच्या कडेला उतरतात. सकाळी लिंबाजीची बायको पंचफुलाबाई दाराशी येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही. "बाई, त्यो खड्डा म्या खणला व्हता. मेंढी व्यायला टेकली व्हती. व्यायल्यावर वार पडती, ती पुराया लागती, न्हाईतर कुत्रं खातंय अन् मंग कोकराला बी तोंड घालतंय. खड्डा आधीच करून ठिवला. तुमचा चेंडू गेला तवा मोकळाच व्हता. सांजेला पुरली वार."

मग त्याच ताज्या मातीवर जिमखान्याच्या शिपायानं विषाचे गोळे ठेवले. कुत्रं वारेच्या वासानं उकरायला गेलं आणि गोळे खाऊन बसलं.

मी विचारलं, आता गं?

"आता काय. राती लांडगा येतोय. आजवर कुत्रं आडवं जायचं. कालपासून धनी कोकरं पोटाशी घिऊन बसून राहिलेत." मग म्हणाली, "तुमी घुशीचं बीळ म्हणल्या म्हून आमी हितं हावोत. सायबाला सांगू नका, बाई. तुमचे लई उपकार झाले."

उपकार! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एकीलाही उत्तर दिलं नसतं.

दुपारी स्वतः जाऊन उरलेले गोळे काठीनं उकरून काढले, जाळले. शिपाई म्हणाला, "सेक्रेटरीसायबाचा हुकूम हाय." म्हटलं, त्यांना म्हणावं, माझ्याकडे या! एरवी अशी जरब दाखवल्यावर बरं वाटतं. आज नाही वाटलं.

शनिवार, १६.

मुदतीच्या आत उकंडरावांची माफी आली. सुवाच्य अक्षर. "जनावराचं बीळ ओळखण्यात माझीच चूक झाली. आपल्यासारख्या सत्यवादी बाईंना भलतंच बोललो, याची शरम वाटते." टोमणा शोधायला तीनदा वाचली. सापडला नाही.

कप काढून टेबलावर ठेवला.

रविवार, १७.

उकंडरावांना धाडलेली चिठ्ठी, इथे उतरवून ठेवते:

आपली माफी सोबत परत करते. खड्डा खुरप्याचा होता आणि ते मी पाहिलं होतं. कप किसनरावांकडे पोचता केला आहे. खड्डा कोणी खणला हे मला विचारू नये, सांगणार नाही. गेल्या रविवारी मला जे बोललात, ते शब्द न शब्द कागदावर लिहून, खाली सही करून, बुधवारी दुपारी बाराच्या आत पाठवावं. जिमखान्याच्या फळ्यावर मी स्वतः लावीन.