दोन रिकाम्या खोल्या

विहीणबाई, नमस्कार.

पहिलं बाळंतपण माहेरचं म्हणून मी रेणुकाला तुमच्या पुसेगावहून हिंगोलीला हट्टानं आणलं. आमच्या भिंतीला लागूनच हळद पॉलिशचं मशीन, दिवसभर धूळ उडती. पोरगी खोकून राहिली अन् मी काढा देत राहिले. आठव्यातच लेकरू झालं.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, "घराजवळ धूळ-धूर असतो का? त्यानंही लेकरू लवकर होऊ शकतं." तुमी शेजारीच उभ्या होत्या. मी न्हाई म्हणाले. मग तुमी रेणुकालाच बोल लावला, नीट खात न्हाई म्हणून. तेव्हाबी मी गप्प.

आता लेकरू काचेच्या पेटीतून बाहेर आलंय. मायलेकरांना माहेरी धाडते म्हणालात, तर मी जागा न्हाई म्हणून सांगितलं. दोन खोल्या रिकाम्या हायेत, पण भिंतीपलीकडं मशीन अजून चालूच हाय. चार बायकांत तुमी मला चिकट म्हणता. म्हणत राहा.

तुमची विहीण,
कौसाबाई