काबऱ्यासाठी घातलेला हाका

मु. बोरपिंप्री, ता. पाचोरे,
जि. पूर्व खानदेश
ता. १० नोव्हेंबर १९३२

ती. अभिमनभाऊ यास सुगंधाचा नमस्कार.

इकडची खुशाली कळवते. माय कालपासून दोन घास खाऊ लागली आहे. ज्वारी पोटऱ्यातून निघून चांगली भरली, पाखरं राखायला माणूस मिळत नाही. तुझं धुळ्याच्या जेलातलं पत्र दिवाळीआधी पोचलं. त्यात कुत्र्यासाठी सात ओळी होत्या. त्याच्या मागच्या पायाला तेल लावावं, भाकर दुधात भिजवून द्यावी, वगैरे. माझ्यासाठी एक होती, 'सुगंधा त्याला सांभाळत असेलच.'

जेलातले साहेब पत्रं आधी वाचतात म्हणे. त्यांनी निर्धास्त वाचावं. यात सरकारविरुद्ध एक अक्षर नाही. कोणाविरुद्ध असलंच तर तुझ्याविरुद्ध आहे.

तुला गावाचं पत्र वेगळं येईल. तेही माझ्याच अक्षरात असेल, कारण गावात चार इयत्ता शिकलेली आणि घरी रिकामी बसलेली बाई मीच. मगन पाटलांनी ओट्यावर बसून सांगितलं, मी लिहून घेतलं. 'गावाने शर्थ केली, परंतु ईश्वरेच्छा.' त्यातलं शर्थीचं खरं आहे. ईश्वराला मात्र उगाच मध्ये घेतलंय.

काबऱ्या गेला, भाऊ. आता नीट सांगते.

भाऊबीजेला तू नव्हतास. भाऊ जवळ नसला की बाया चंद्राला ओवाळतात. पण मायने पाट मांडला आणि त्यावर काबऱ्याला बसवलं. म्हणाली, "अभिमनना जीव शे त्यामा. ओवाळ त्याले." मी ओवाळलं. कुंकू लावलं तर त्याने ते जिभेने पुसायला बघितलं. शेजारची भागाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसले. हसले नसते तर रडले असते, आणि सणाच्या दिवशी टाकलेल्या बाईने रडलं की घराला अपशकुन होतो.

दुसऱ्या दिवशी तुझ्यासोबतचा हिलाल सुटून आला. गावाने त्याची मिरवणूक काढली, हलगी, ताशा, सगळं. मी नदीवर धुणं धूत होते. तुला माहीत आहे, वाजंत्री आली की मी त्याला आतल्या खोलीत नेऊन दोन्ही कान दाबून धरते. तीन वर्षं धरते आहे. गावाला वाटायचं, अभिमनचा कुत्रा मोठा शहाणा, लग्नाच्या पंगतीत लुडबुडत नाही. तो खोलीत थरथरत मुतायचा, ते मी पुसायची. मायला अलीकडे ऐकू कमी येतं, तिला त्यातलं काही कळायचं नाही. त्या दिवशी कान धरायला कोणी नव्हतं. दावं तोडून तो गिरणा नदीकडच्या वावरांत पळाला.

दोन दिवस राखणदारांना दिसला, तिसऱ्या दिवशी दिसेना. मायने अन्न सोडलं. कुत्रा परतला नाही तर मुलगा परतत नाही, असं तिने मनाशी धरलं. मग शनिवारी चावडीपुढे माणसं जमली.

आता आपल्या गावाला शोधायचं म्हणजे एकच ठाऊक. उभ्या ज्वारीत काही दडलं की हाका घालायचा. एका अंगाने डबे, हलग्या, थाळ्या वाजवत ओळीने शिरायचं आणि दुसऱ्या अंगाने बाहेर काढायचं. हिलाल म्हणाला, "डुकरे निंघतस, मंग कुत्रा का बरं नही निंघी?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बठ्ठा गाव निघणार असं ठरलं. कोण कुठून शिरेल, गिरणेच्या अंगाला कोण, लोहमार्गाच्या अंगाला कोण, हे मगन पाटलांनी काठीने धुळीत रेघा ओढून सांगितलं. फार नीट योजना होती. मी मागे भिंतीला टेकून ऐकत होते.

तू त्याला कुठून आणलास हे गावातून फक्त मला माहीत होतं. रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी डुकरांचा हाका चालला होता, त्यात हे पिल्लू सापडलं, मांडीत भाला घुसला, शिकारी सोडून गेले. तू खांद्यावर टाकून आणलंस. ते तू मला रात्रभर सांगत होतास, त्याची जखम धूत. मायला सांगितलं नाहीस, शिकारीचं रक्त घरात आणलं म्हणाली असती म्हणून.

चावडीपुढे हनीफ पिंजारी माझ्याजवळ आला. त्यालाच काय ते सुचलं. म्हणाला, "अक्का, तुम्ही एकल्या वावरमा जाईसन हाक मारी, ते तो येई का?"

आला असता. माझ्या हाकेला तो चुलीखालून, कणगीमागून, कुठूनही यायचा.

मी म्हणाले, "माले काय माहीत?"

का म्हणाले, ते सांगते. मी माणसं मोजत होते. बेचाळीस होती. कापूस वेचायचे दिवस, एक दिवस मोडला तर नुकसान, तरी बेचाळीस. तीन वर्षांपूर्वी नरडाण्याच्या सासरच्या लोकांनी मला दाराबाहेर काढून माझ्या यशीला आत ठेवून घेतलं, तेव्हा मी याच चावडीपुढे पाच माणसं मागितली होती. भांडायला नव्हे. नुसतं माझ्यासोबत येऊन उभं राहायला, म्हणजे ते पोर माझ्या हाती देतील. यशी चार वर्षांची होती, तिचं अंगावरचं पिणं अजून पुरतं सुटलं नव्हतं. याच मगन पाटलांनी सांगितलं, "घरनी गोट शे, बाई. घरमाच मिटाडा." हिलाल तर पेरणीचे दिवस म्हणाला.

आणि तू? हे तीन वर्षांत मी एकदाही बोलले नाही, आज लिहिते. तू काबऱ्याच्या मांडीला हळद लावत बसला होतास. वर न बघता म्हणालास, "याला सोडून कसं येऊ? आणि पुढच्या आठवड्यात जळगावला सभा आहे." सभा झाली. कुत्र्याचा पाय बरा झाला. मग तू देशाच्या कामात पडलास आणि नरडाणे कायमचं राहून गेलं.

म्हणून मी हनीफला तसं म्हणाले. घाला म्हटलं मनात, खुशाल घाला हाका.

रविवारी सकाळी माय बेचाळीस माणसांच्या भाकरी थापत घरी राहिली. मी टोपली घेऊन बांधावर उभी होते. एका अंगाने असा गजर उठला की गिरणेवरचे बगळे उडाले. ज्वारीची कणसं हलताना दिसत होती, तेवढ्यावरून कळत होतं तो कुठे पळतोय. उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे. उखर्डूच्या वावरात आले आणि कणसं हलायची थांबली.

उखर्डूच्या विहिरीला कठडा नाही, ज्वारी अगदी काठापर्यंत पेरलेली. पहिला हिलाल पोचला आणि विहिरीत बोट दाखवून ओरडला, "सापडना! सापडना!" मग काय, बेचाळीस माणसं विहिरीभोवती गोळा झाली आणि आनंदाने आणखी जोरात वाजवू लागली. खाली तो गोल गोल पोहत होता. दोर सोडला, पाटी सोडली. पाटीजवळ आला की वरून डबा वाजायचा आणि तो उलटा फिरायचा.

तेव्हा मात्र मी ओरडले, भाऊ. घसा फाटेस्तोवर ओरडले, "वाजाडू नका, वाजाडू नका!" कोणाला ऐकू जाणार? हनीफने माझ्या तोंडाकडे पाहिलं, काय समजायचं ते समजला आणि कपड्यांनिशी उतरला. वर काढला तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता.

गावाने त्याला हार घातला. तुझा म्हणून तिरंग्यात गुंडाळून पुरला. मगन पाटील बोलले, हिलाल रडला, खरंच रडला. वाईट माणसं नाहीत ती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

परत येताना हनीफ मागे राहिला. पाण्याने निथळत होता. हळूच म्हणाला, "तुमले माहीत व्हतं ना, अक्का?" मी हो म्हणाले. त्याने कोणाला सांगितलं नाही. मायलाही नाही. माय मला म्हणते, तू तरी किती केलंस त्याचं. ते ऐकलं की मी ताट सारून उठते.

त्या जनावराने माझं काय वाकडं केलं होतं? यशी तिकडे अडकल्यावर पान्हा दाटून अंग तापायचं, तेव्हा हाच पायाशी पडून राहायचा. तुम्हा सगळ्यांचा राग मी त्याच्यावर काढला. राग काढायला आपल्यापेक्षा दुबळंच लागतं, हे मी नरडाण्याला शिकले होते, आता करूनही पाहिलं.

सोमवारी मी नरडाण्याला जाते. पाचोऱ्याहून जळगाव, तिथे गाडी बदलून अमळनेरवरून. एकटी. माणसं मागितली असती तर आता मिळाली असती. कुत्र्यामुळे सगळ्यांना माझी दया आली आहे. मला ती नको. पोर देतील की नाही, ठाऊक नाही. मारून हाकलतीलही. यशी आता सात वर्षांची आहे, मला ओळखणारसुद्धा नाही कदाचित. तिची आई वाईट होती, मेली, असं सांगितलं असेल. निम्मं तर आता खरंच झालं.

तू सुटून आलास की मला क्षमा केली म्हणू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, क्षमा करायला तुला आवडतं. मी तुला केलेली नाही, हे मात्र ध्यानात ठेव. मायला पत्र लिहिशील तेव्हा मोठ्या अक्षरात लिही, मी नसले तर भागाबाईचा नातू वाचून दाखवील. प्रकृतीस जप.

तुझ्या काबऱ्याला मारणारी,
यशीची आई,
सुगंधा