मार्कोविचच्या पुढचं नाव

डँडेनॉन्ग, ६ ऑगस्ट २०२०

चि. सौ. शोभास दादाचे अनेक आशीर्वाद.

आपल्या मिरजेच्या शाळेत गुरुजी टेबलावर रूळ आपटून पाढे म्हणवून घ्यायचे, तो आवाज आठवतो का तुला? टक, टक-टक. त्या तालावर सगळ्या वर्गाचा एकच गळा व्हायचा. परवा तोच आवाज मला इथे ऐकू आला. मागच्या अंगणात ऊन खात बसलो होतो आणि कुंपणाच्या फळीवर कुणीतरी बोटांनी ताल धरला होता.

तो आमचा शेजारी, झ्वोन्को. ऐंशीच्या पुढचा, एकटा राहतो. मूळचा युगोस्लाव्हियाचा. तो देश आता नकाशात नाही, तुकडे झाले. कुठल्या तुकड्यातले तुम्ही, असं कुणी विचारलं तर पाठ फिरवतो. आपल्या लहानपणी पेपरात टिटोंचं नाव असायचं, त्या एका नावावर आमची मैत्री जमली. दोघांचंही इंग्रजी मोडकं, त्यामुळे एकमेकांचं छान कळतं.

पण शोभा, त्याच्यावर संकट आलंय. मध्यंतरी तो गॅस चालू ठेवून झोपला, तेही दोनदा. मुलगी यास्ना शहराच्या दुसऱ्या टोकाला असते. लॉकडाऊनमध्ये पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, पण म्हाताऱ्या माणसाची देखभाल म्हणून तिला सवलत आहे. तिने त्याला वृद्धाश्रमात ठेवायचा घाट घातलाय. आणि इथल्या वृद्धाश्रमांत कोरोना शिरलाय. रोजच्या बातम्यांत तिथलेच मृत्यू. झ्वोन्को म्हणतो, आत चालत जाईन, बाहेर पेटीतून येईन.

त्याची स्मरणशक्ती तपासायला एक बाई व्हिडिओवर प्रश्न विचारतात. वार, महिना त्याने अडखळत का होईना सांगितला. पंतप्रधान कोण, याला म्हणाला, मार्कोविच. तो त्याच्या देशाचा शेवटचा पंतप्रधान. त्याच्यानंतर खुर्चीच उरली नाही, म्हणजे ह्याच्या लेखी मार्कोविच अजून आहेच. बाईंनी फुली मारली. पंधरवड्याने पुन्हा विचारणार आहेत. तेव्हा चुकला तर वृद्धाश्रमात जागा तयार आहे.

मी त्याला शिकवायचं ठरवलंय. आमचा शैलेंद्र म्हणाला, बाबा, तुम्ही प्लीज इन्व्हॉल्व्ह होऊ नका. मैथिली सूनबाई मात्र म्हणाल्या, नो वरीज बाबा, मास्क लावा आणि कुंपणाच्या अलीकडे राहा. ह्या पत्राचा फोटोही मैथिलीच पाठवेल. टपालाचा काही भरवसा नाही.

थांबतो. लोभाला क्वारंटाइन नसतं, तो येऊ दे.

तुझा दादा


मिरज, ११ ऑगस्ट २०२०

ती. दादास शोभाचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. आमच्या अजितने मोबाईलवर मोठं करून दिलं, तरी तुझं अक्षर ते तुझंच. इथे आमची गल्ली पत्रे ठोकून बंद केली आहे. भाजीवाला पलीकडूनच ओरडतो आणि कोथिंबीर पत्र्यावरून फेकतो. आम्ही बरे आहोत.

तू सहा महिन्यांसाठी गेलास आणि विमानं बंद होऊन अडकलास, ही काळजी मला कमी होती का? त्यात हे शेजारपण. जन्मभर पाटबंधारे खात्यात कारकुनी केलीस आणि आता मास्तर होतोयस. यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, दत्तात्रयांनी धरण फुटल्यावरही आधी कविता म्हटली असती.

एक मात्र सांगते, हसू नकोस. तुला कुणी सात आठे विचारलं की तू अजूनही पुटपुटतोस, सात एके सात, सात दुणे चौदा. पहिल्यापासून गेल्याशिवाय तुला मधलं येतच नाही. पाठांतराचा माणूस हा असा. त्या बिचाऱ्याला एकच नाव शिकव, एकच. माळ ओवायला बसू नकोस.

मास्क नाकावर ठेव, हनुवटीवर नाही. तुझ्या लोभावर आमचा हक्क आहे, तो बजावते.

तुझी शोभा


डँडेनॉन्ग, १९ ऑगस्ट २०२०

चि. सौ. शोभास आशीर्वाद.

तुझा उपदेश पोचला, पण उशिरा. एकच नाव शिकवून पाहिलं गं. सकाळी सांगावं, दुपारी गायब. पुन्हा मार्कोविच. नुसतं नाव म्हणजे खुंटी नसलेली टोपी, ती कुठे अडकवणार?

मग एकदा मी सहज विचारलं, मार्कोविचच्या आधी कोण होतं? आणि त्याचे डोळे असे लकाकले. टिटो पुढे राष्ट्राध्यक्षच राहिले, पण पंतप्रधानपद त्यांच्यानंतर एकेकाकडे गेलं. ती सगळी नावं त्याला पाठ. ऐक, आपोआप यमक जुळतं: टिटो, स्ताम्बोलिच, श्पिल्याक, रिबिचिच, बियेदिच, जुरानोविच, प्लानिन्स, मिकुलिच. त्यातल्या प्लानिन्स ह्या बाई. शेवटी मार्कोविच. मी फळीवर बोटांनी ताल धरला आणि त्याच्यापुढे इथल्या पंतप्रधानांचं नाव जोडून दिलं: मार्कोविच, मॉरिसन. मकाराला मकार. तिसऱ्या दिवशी त्याने न चुकता म्हटलं. मार्कोविचपाशी थबकतो, पण मी एक टक दिली की पुढे जातो. परवा मला म्हणाला की इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ही रांग पुढे सरकली, मेट.

उद्या तपासणी. आज त्याने दोनदा दाढी केली. मला सारखं तुझं सात आठे आठवतंय.

देवापाशी साखर ठेव. लोभ उरला तर इकडेही पाठव.

तुझा दादा


मिरज, २२ ऑगस्ट २०२०

ती. दादास नमस्कार.

गणपती बसले. आरतीला आम्ही तिघंच. साखर ठेवली. दोन दिवस मोबाईल उशाशी घेऊन बसले आहे. मैथिलीला विचारलं तर म्हणाली की बाबा फारसे बोलत नाहीत. काय झालं ते वाईट असलं तरी लिही.

शोभा


डँडेनॉन्ग, २४ ऑगस्ट २०२०

चि. सौ. शोभास आशीर्वाद.

तू म्हणालीस तेच झालं.

त्याची खिडकी उघडी होती, मी कुंपणाशी उभा होतो. बाईंनी पंतप्रधानांचं नाव विचारलं. झ्वोन्कोने घसा साफ केला, टेबलावर बोटं आपटली आणि टिटोपासून सुरुवात केली. मधेच बाई म्हणाल्या की आताचे सांगा. तो थांबेना, थांबला असता तर सगळंच हरवलं असतं, हे मला कळत होतं, त्यांना कसं कळावं? प्लानिन्सबाईंपर्यंत पोचला आणि तपासणीच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की पुरे, थँक यू. फक्त दोन नावं ओलांडायची राहिली होती गं. एवढा मोकळा रस्ता होता आणि गाडी फाटकाशी अडवली.

संध्याकाळी यास्ना कुंपणाशी आली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली की आमच्या घरातलं दुःख म्हणजे तुम्हाला करमणूक वाटली का. बाबा ओव्हनमध्ये चपला ठेवतात, ते तुम्हाला कुंपणावरून दिसत नाही. खरंच दिसत नाही.

उद्या सकाळी वृद्धाश्रमाची गाडी यायची आहे. त्याची सुटकेस व्हरांड्यात आहे आणि हा दुपारपासून तिच्यावर बसलाय, कोट घालून. मी फळीवर एकदा टक-टक केलं. त्याने मान वळवली नाही.

शोभा, माझ्या कवितेने माणूस घालवला. आणखी लिहवत नाही. लोभ मागायला आज तोंड नाही, तू असू दे.

दादा

ता. क. मैथिली फोटो काढणार तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना कोण ठोकतंय म्हणून कान दिला तर टक-टक, टक. उलटा ताल. मी उघडलं. पायऱ्यांच्या खाली, मास्क लावून, यास्ना उभी होती. डोळे सुजलेले. इतक्या लांबून बोलली की मला एकेक शब्द वेचावा लागला. म्हणाली की बाबा सुटकेसवर बसून नावं म्हणतायत. मार्कोविचपाशी येतात, कुंपणाकडे बघतात आणि पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिनेच भिंतीवर एक टक दिली, तर ते पुढचं नाव बोलले. मग तिला म्हणाले की बघ, मी पोचतो, उशिरा पोचतो. तिने बाईंना फोन करून उद्याची गाडी नको म्हणून कळवलंय. काही दिवस ती स्वतः इथे राहणार, गॅसकडे बघणार. पण तिचा ताल चुकतो आणि बाबा रागावतात.

मी दाराच्या चौकटीवर बोटं टेकवली आणि टिटोपासून सुरुवात केली.