अर्ध्या तासाचा कागद

१४ सप्टेंबर

बसणे. बसणे. जेवण. बसणे.

दर अर्ध्या तासाला एक खूण. बावीस बायका, सकाळी सात ते संध्याकाळी सात. चौथा दिवस. रकाने भरायला डोकं लागत नाही – शब्द एकच.

एकोणीस वर्षं मी हेच मांडते आहे. माणसाच्या हातचं काम काढून घेणं हाही अन्याय आहे. आधी लोक हसायचे. "कोंडून ठेवलं तर अन्याय, हे कळतं. कढई काढून घेतली म्हणून अन्याय?" आता हसत नाहीत. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं. ते या घरातून निघणार. मनोरुग्ण म्हणून लिहिलेल्या बायका, काहीजणी तीस वर्षांपासून. खिडकीतून डोंगर दिसतो. सगळ्या भिंतीकडे तोंड करून बसतात.

१७ सप्टेंबर

उम्सुनाय, इथली आया, मला एजे म्हणते, म्हणजे ताई. चहा ओतताना म्हणाली, "एजे, एवढं शिकून बसलेल्या बायका मोजायला आलात? माझी सासू घेऊन जा की. एकटीच अख्खा कागद भरेल!"

खूप हसलो दोघी.

संध्याकाळी कागदाची प्रत कार्यालयात ठेवली. हा नियम माझाच. जिथे काम करायचं त्या संस्थेपासून काही लपवायचं नाही – वर्गातल्या पोरींच्या किती पिढ्यांना घोकायला लावलं! संचालक शार्शेनबेक प्रत दोन्ही हातांनी घेतात. मग ओळ न ओळ वाचतात.

माझे कागद इतकं लक्ष देऊन कुणी वाचत नाही.

२१ सप्टेंबर

लाल आणि करडा लोकरीचा नमदा आणला. दाभण, दोरा. मध्ये ठेवून कोपऱ्यात बसले. कुणी हात लावला नाही. एकेकीने हात मांड्यांखाली घातले. आधी एकीने, मग दुसरीने – जणू कुणी शिकवलं असावं.

सायकाल नावाची एक आहे, साठीची. कोणे एके काळी तिच्या गावात शिरडक, म्हणजे नमद्याचे नक्षीदार गालिचे, कापायला तिलाच बोलवायचे. तिचेही हात मांड्यांखाली. बघत मात्र होती. माझ्याकडे नाही, कागदाकडे.

२५ सप्टेंबर

सापडलं!

चष्मा विसरला म्हणून दुपारी मध्येच परतले. दाराबाहेरूनच आवाज – बोलणं, कुजबुज, कुणीतरी गुणगुणत होतं. फटीतून पाहिलं. एक उसवलेली बाही शिवत होती. दोघी केस विंचरून वेण्या घालत होत्या. आणि सायकाल नमद्यावर ओणवी. डब्याचं झाकण उंबऱ्यावर घासून केलेलं पातं. लाल खाली, करडा वर, दोन्ही एकदम कापत होती. शिंगांच्या आकाराची नक्षी, हात न थरथरता.

पाऊल आत टाकलं. फरशीवर माझे बूट वाजतात. क्षणात सगळ्यांचे हात मांड्यांखाली, तोंडं भिंतीकडे.

एकट्या सायकालने हात थांबवले नाहीत. एकोणीस वर्षांत असा विश्वास कुणी दाखवला नव्हता!

सगळं लिहिलं. हात – चार. लक्ष – चार. आखणी – चार. चारच्या पुढे रकानाच नाही.

उम्सुनाय दारात उभी होती. "लिहिलंत?"

"लिहिलं."

ती हसली नाही. फडकं पिळत निघून गेली.

२६ सप्टेंबर

सायकाल आज बोलली.

"माझं नाव नीट लिहिलंस ना?"

"लिहिलं, अपा." वयाने मोठ्या बाईला इथे अपा म्हणतात.

"आधी एक बाई आली होती. असाच कागद. तिने सात नावं लिहिली. सातही वर गेली."

"वर कुठे?"

तिने हनुवटीने डोंगर दाखवला. मग नमदा उचलला. लाल तुकडा करड्याच्या भोकात बसतो, करडा लालच्या. एकदा कापायचं आणि दोन शिरडक निघतात, काही वाया जात नाही. "एक माझा. एक झुराचा."

"झुरा कोण?"

"ही खाट." शेजारच्या रिकाम्या खाटेवर अंथरूण घातलेलं होतं. उशीसुद्धा.

२९ सप्टेंबर

शार्शेनबेकांकडे चहा. नान, कैमाकची घट्ट साय, जर्दाळूचा मुरंबा. टेबलावर माझं पहिलं पुस्तक. पेन्सिलीने खुणा केलेल्या.

"वर मेंढ्यांचा फार्म आहे," म्हणाले. "लोकर धुवायला हात लागतात. श्रमोपचार. तुमच्याच पान एकेचाळीसवर आहे ना – काम हा प्रत्येकाचा हक्क?"

"हक्क म्हणजे सक्ती नव्हे. तेही त्याच पानावर आहे."

"ते वाचलं नाही." हसले. "पण अडचण काय होती माहितेय? कुणाला काय जमतं हे कळतच नव्हतं. इकडे या बसूनच असतात. तुम्ही दोनच आठवड्यांत काढलंत!"

सायकालचा कागद वेगळा काढून ठेवला होता. जीप सात तारखेला जाणार.

एवढं कळलं: त्या दिवसभर बसत नाहीत. कागद खोलीत आला की बसतात. मी दोन आठवडे स्वतःलाच मोजत होते.

२ ऑक्टोबर

उम्सुनायला कपडे वाळत घालताना गाठलं.

"त्या सात जणी?"

"पाणी बर्फाचं असतं तिथलं, एजे. कोपरापर्यंत हात घालून उभं राहायचं. तिघी पहिल्या थंडीतच गेल्या." चादर झटकली. "झुरा त्या तिघींतलीच. आत बोलू नका. आत रोज तिचं अंथरूण घालतात."

४ ऑक्टोबर

सायकालचा नवा कागद केला. हात – शून्य. लक्ष – शून्य. पंचवीस तारखेच्या प्रतीच्या जागी हा ठेवा, म्हटलं.

शार्शेनबेकांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. "एजे, बाई एकच. सही एकच. खोटा कुठला?"

"पहिला."

"तसं लिहून द्या. ‘पंचवीस तारखेची नोंद मी मनाने रचली.’ एक प्रत विद्यापीठाला जाईल." साखरेचा खडा दातात धरून चहा प्यायले. "मग लोक बाकीच्या नोंदींचंही विचारतील. ते तुम्ही बघा. नाहीतर जीप आहेच."

उद्धटपणा नाही. आवाज चढवला नाही. कधीच चढवत नाहीत.

६ ऑक्टोबर

मेएरिमचा फोन. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, माझे तास ती घेते आहे.

"एजे, पहिल्या वर्षाचा पहिला तास. फळ्यावर काय लिहू?"

"नेहमीचंच. कुठल्याही माणसासाठी काही ठरवण्याआधी त्याला विचारा."

"आणि पुस्तक? छापणारे माझ्या मागे लागलेत."

लाइन खराब आहे म्हणून ठेवला. लाइन स्वच्छ होती.

७ ऑक्टोबर

सही केली. हात – चार. लक्ष – चार. माझंही मोजायला हरकत नाही.

जीप रिकामी गेली. खिडकीत उभी राहून पाहिली, वळणापर्यंत. एकोणीस वर्षं आणि एक बाई. बाई राहिली.

८ ऑक्टोबर

विद्यापीठाचं पत्र आलं नाही अजून. येईल.

उम्सुनायने न मागता गरम नान आणून दिला. "चांगलं केलंत, एजे." पहिल्यांदा माझ्याशेजारी बसली.

सायकाल दिसली नाही. झोपली आहे म्हणे.

९ ऑक्टोबर

निरोप घ्यायला गेले. सायकाल भिंतीकडे तोंड करून बसली होती. हात मांड्यांखाली. दोन्ही शिरडक शिवून तयार – एकावर एक गुंडाळून, दोरीने बांधून, दाराशी. प्रवासाला निघाल्यासारखे.

"अपा, आता कुणी नेणार नाही तुम्हाला."



"तुझे बूट ओळखते मी. त्या दिवशी हात मुद्दाम बाहेर ठेवले होते. आठ वर्षं झुरा वर माझी वाट बघतेय." मग माझ्याकडे न बघता, "तू विचारलंस कधी?"