नाव पाण्यात गेल्यावर

॥ श्री ॥

मु. टेंभरदरा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली
६ नोव्हेंबर २०२४

चि. विजयकुमारास आईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीला तुमी आले न्हाईत, तुमचा खोका आला. नांदेडहून इथं गाडीनं दीड-दोन घंटे लागतात, खोक्याला चार दिवस लागले. मिठाई चांगली होती. चिवडा माझ्या दातांना झेपत न्हाई, तो जळबाच्या लेकरांना वाटला. जळबा रोज जाळं टाकायला जाताना ओट्यापाशी थांबतो अन् मी जित्ती हाय का ते बघून जातो. त्याला कुणी सांगितलं न्हाई, आपणहून करतो.

खोक्यात पुन्हा फोन निघाला. हा तिसरा. मला फोन नको म्हणून दोनदा लिहिलं, तरी तुझं आपलं येरे माझ्या मागल्या! पेटीत ठेवून दिलाय, बाकीच्या दोघांना सोबत झाली. तुला काही सांगायचं असंल तर कागदावर लिही. पोस्टमन उत्तमसिंग येतोच गावात, त्याच्याही पायांना काम पाहिजे.

यंदा धरण काठोकाठ भरलंय. पाणी आपल्या हळदीच्या बांधापर्यंत आलंय. नाव मात्र गोठ्यामागं पालथी पडून हाय, तिच्यावर कोंबड्या बसून राहिल्यात. जळबा म्हणतो की लाकडाला पाणी न्हाई मिळालं तर फळ्या तडकतील. मी म्हटलं तडकू दे.

मागच्या साली या दिवसांत महिन्यातले दोन शनिवार तुमची गाडी दारात असायची. रविवारी उजाडलं की तुझे आबा वल्हं घेऊन तयार. पलीकडचा काठ यवतमाळ जिल्ह्यातला, म्हणून आपली कोमल त्याला परदेश म्हणायची. टेकडी चढायची, साळिंदराचे काटे वेचायचे, कुठं कपार दिसली की आत डोकं घालायचं, अन् शिला खालून ओरडायची की साप असंल. मग तीन दगडांवर वांग्याचं भरीत. त्या भरतात निम्मी राख असायची, तरी तुमी बोटं चाटायचे.

असो. मी काही बोलावत न्हाई. तुला ऑफिस हाय, पोरीची शाळा हाय. कामं बघा, उगं धावपळ करू नका. इथं माझं बराबर चाललंय.

शिलाला आशीर्वाद, कोमलला गोड पापा. माया आहे तशी राहू दे.

तुझी आई
नर्मदाबाई

---

नांदेड
१८ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. दिवाळीला येता आले नाही याचे वाईट वाटते. ऑफिसात वर्षाचा हिशेब तपासायला लोक आले होते, मग कोमलला ताप आला. आता ती बरी आहे.

आबांचे वर्षश्राद्ध ९ जानेवारीला, गुरुवारी येते. गुरुजींशी बोललो आहे, सामान इथूनच आणीन. आम्ही सकाळी येऊ आणि संध्याकाळी परत निघू. मुक्काम जमेल असे वाटत नाही.

नाव जळबाला देऊन टाक. त्याच्या उपयोगाला तरी येईल. आपल्यात आता कोण पाण्यात जाणार आहे? आणि आई, पत्रात तो पलीकडचा काठ, ती टेकडी असले काही लिहीत जाऊ नकोस. वाचवत नाही.

गुडघ्यांना तेल लाव. फोन वापरलास तर मला रोज तुझा चेहरा तरी दिसेल. शिला नमस्कार सांगते. आशीर्वाद असू दे.

तुझा
विजय

---

नांदेड
१ डिसेंबर

ती. आजीस,
कोमलचा साष्टांग नमस्कार.

आजी, हे पत्र मी बाबांना न सांगता लिहिते आहे. आईला माहीत आहे, तिनेच पाकीट दिलं. पत्र लिहायची मला सवय नाही, त्यामुळे चुका असतील तर हसू नकोस. आमच्या वर्गात कुणीच पत्र लिहीत नाही. पोस्टाची पेटी कुठे आहे हे शोधायलाच मला काल अर्धा तास लागला.

शाळेत माझी आवडती सहल असा निबंध होता. मी परदेशावर लिहिला. आजोबा टेकडीवर कसे पुढे चालायचे, हातातल्या काठीने गवत कसं झोडायचे आणि दमले की आम्हाला कळू नये म्हणून झाडाची साल बघत कसे उभे राहायचे, ते सगळं लिहिलं. मला दहापैकी नऊ मिळाले. मी बाबांना वाचून दाखवायला लागले तर ते उठून बाल्कनीत गेले आणि जेवायलाच आले नाहीत.

नंतर ते आईला सांगत होते ते मी ऐकलं. आबा आपली वाट बघत बघत गेले, आपण येणार नाही हे कळल्यावर त्यांना काय वाटलं असेल, आणि ते तसेच एकटे पलीकडे का गेले, असं. म्हणून त्यांना आता गावी यायला नको वाटतं. तुझ्याकडे बघवत नाही म्हणाले.

आजी, आजोबा खरंच आमच्यावर रागावून गेले होते का? मला खरं सांग. मी आता तेरा वर्षांची आहे.

तुझी
कोमल

ता. क. तू फोन का घेत नाहीस? मी तुला गमतीचे फोटो पाठवले असते.

---

॥ श्री ॥

टेंभरदरा
१० डिसेंबर २०२४

चि. विजयकुमारास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कोमलचं पत्र आलं. तिला रागावशील तर माझ्याशी गाठ हाय. लेकराला कळतं ते तुला-मला कळलं न्हाई.

विजय, हे मी तुला तोंडानं सांगू शकले न्हाई. दहाव्याला न्हाई, तेराव्याला न्हाई. आता लिहिते. बसून वाच.

त्या शनिवारी दुपारी तुझा मेसेज आला. ऑफिसचं काम निघालं, आज यायला जमत न्हाई असा. मी तो ओट्यावर उभी राहून वाचला. तुझे आबा नुकतेच नावेत बसून निघाले होते. तुमी येणार म्हणजे शनिवारीच पलीकडं जाऊन ते वाटंवरचे काटे तोडायचे, चुलीचे दगड मांडून यायचे, हे तुला ठाऊक हाय. कोयता अन् पाण्याची कळशी घेऊन गाणं गुणगुणत चालले होते. काठापासून पन्नास हातसुद्धा गेले नसतील.

मी हाक मारली न्हाई.

आपल्या घरात नाव पाण्यात गेल्यावर मागून हाक मारत न्हाईत. बाहेर निघालेल्या माणसाला टोकू नये हे सगळेच पाळतात, पण आबांचं पाण्याचं लई कडक. तू पाच वर्षांचा असताना तुझी टोपी राहिली म्हणून मी एकदा हाक मारली होती. तर नाव फिरवून परत आले, घरात येऊन बसले, पाणी प्याले, मग निघाले अन् दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले न्हाईत. तवापासून मी कानाला खडा लावला. त्या दिवशीही तोंडाला पदर लावून उभी राहिले. म्हटलं, जाऊ दे, दोन घंट्यात येतील, चहा देताना सांगू. आधीच सांगितलं तर तोंड पाडून बसतील.

दिवस कलला तरी आले न्हाईत तवा जळबाला पाठवलं. ते अर्ध्या वाटंवर पळसाखाली बसलेले होते. तिथपर्यंत वाट साफ केलेली. डॉक्टर म्हणाले की छातीत कळ आली अन् लगेच झालं.

तवा नीट ऐक. तुमी येणार न्हाई हे त्यांना कळलंच न्हाई. ते खुशीत गेले. तुझा मेसेज वेळेवर आला होता, मी तो पोचवला न्हाई. मी हाक मारली असती तर ते फिरले असते, चिडले असते अन् घरात माझ्यासमोर असते. कळ आली असती तर जळबानं गाडी काढली असती, कळमनुरीला नेलं असतं. ते एकटे गेले ते माझ्यापायी. बायका येऊन गळ्यात पडल्या तवा मी दगडासारखी बसून होते. मला वाटायचं, आपणच घालवलं, आता रडायचं कोणत्या तोंडानं?

फोन मी काहून घेत न्हाई ते आता तुला कळलं असंल.

तुला काय बोलायचं ते बोल. माझी तयारी हाय. लेकरावर मात्र राग काढू नको.

तुझी आई

---

नांदेड
२२ डिसेंबर २०२४

ती. आईस सा. न.

तुझे पत्र बारा तारखेला आले. दहा दिवस मला उत्तर लिहिता आले नाही. तू समजत असशील की मी रागावलो. आई, तुझ्यावर राग येण्याआधी मला माझीच लाज वाटली.

त्या दिवशी ऑफिसचे काम नव्हते. शिलाच्या भावाने एका रिसॉर्टवर बोलावले होते. तुला मेसेज केला तेव्हा मी तिथे तिकिटाच्या रांगेत उभा होतो. तिथे पायाने चालवायची बदकाच्या आकाराची बोट होती आणि कोमलला त्यात बसायचे होते. शिला म्हणत होती की आबांना खरे सांगा, ते काही म्हणणार नाहीत. मी ऐकले नाही. दर वेळी तेच पाणी, तीच टेकडी, तेच भरीत. मला कंटाळा आला होता, आई. एवढेच कारण होते.

संध्याकाळी जळबाचा फोन आला तेव्हा माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. तशीच ओली पँट घालून मी तुझ्यापर्यंत गाडी चालवत आलो. तुला दिसली नसेल.

वर्षभर मी तुझ्यासमोर यायला घाबरलो ते यामुळे. तू हाक मारली नाहीस हे तू मला सांगितलेस. मला हे सांगायला तुझे पत्र यावे लागले.

आम्ही आठ तारखेला संध्याकाळी येतो. रविवारपर्यंत राहू. तू नको म्हणालीस तरी येऊ. नाव जळबाला दिली नसशील तर देऊ नकोस.

तुझा
विजय

---

॥ श्री ॥

टेंभरदरा
१३ जानेवारी २०२५

चि. विजयकुमारास आशीर्वाद. वि. वि.

तुमी काल संध्याकाळी गेले अन् आज मी लिहायला बसले. लोक हसतील, पण काही गोष्टी तुमच्या समोर बोलायच्या राहिल्या.

पहिली ही की मला राग आला होता. तुझं पत्र वाचून दोन दिवस मी जेवले न्हाई. बदकात बसायला गेला म्हणे! मी उत्तर पाठवलं न्हाई ते म्हणूनच. तू गाडीतून उतरलास, केस पिकलेले, पोट सुटलेलं, अन् दारातच खाली बसलास, तवा तो राग कुठं गेला ते मला कळलं न्हाई. थोडा अजून असंल. आईचा राग हाय, राहू दे.

दुसरी गोष्ट कालची. जळबानं डांबर लावून नाव पाण्यात घातली तवा मी गुडघ्यांची तकलीफ हाय म्हणून काठावर थांबले. गुडघे एवढे दुखत नव्हते. मी भिऊन थांबले. मग तू वल्हं मारायला लागलास. तुझी पाठ तुझ्या आबांसारखीच दिसते, हे मी आजवर कधी बघितलं नव्हतं. नाव पन्नास हात गेली अन् मी तुला हाक मारली.

कोमलला वाटलं आजीचा विचार बदलला. शिलाला वाटलं डबा राहिला. खरं असं हाय विजय, की मला बघायचं होतं माझा आवाज तिथपर्यंत जातो का. वर्षभर मी स्वतःला सांगत होते की वारा असंल, वल्ह्याचा आवाज असंल, त्यांना ऐकू गेलंच नसतं. काल वारा होता. तू पहिल्याच हाकेला मान वळवली.

तर ते आता मला पक्कं ठाऊक झालं. त्यांना ऐकू गेलं असतं. हे घेऊन मला राहायचंय, त्यात तू काही करू शकत न्हाईस, अन् न्हाई असं मला समजावूही नको.

पण तू नाव फिरवलीस, हात दिलास अन् मला आत घेतलंस. पळसापासून वर टेकडीपर्यंत तू काटे तोडलेस. तुझ्या तळहाताला फोड आले ते मी बघितले. त्यावर हळद लाव, ऑफिसात लाजू नको.

तुमची गाडी वळणावर गेली तशी मी ओट्यावर बसले अन् रडले. चांगली हंबरडा फोडून रडले. जमनाबाई शेजारून पळत आली. तिला वाटलं, आज नवीन काय झालं? मी म्हटलं, जुनंच हाय, राहिलं होतं.

आज घर खायला उठतंय. चार दिवस दारात चपला मावत नव्हत्या, आता माझाच एक जोड पडलाय. मला लई एकटं वाटतं, विजय. प्रत्येक पत्रात मी कामं बघा, धावपळ करू नका, माझं बराबर चाललंय असं लिहीत गेले. ते तुझ्या ऑफिसच्या कामासारखंच होतं.

शिलाला आशीर्वाद. कोमलला सांग, तिच्या निबंधातला एक मार्क मास्तरनं काहून कापला ते विचारून ये.

पुढच्या शनिवारी या. कंटाळा आला तरी या.

तुझी
आई